बारावी रिंग

शलाकाचा रेग्युलेटर दर मे महिन्यात
आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडला जातो.
बडोद्यापासून समुद्र लांब. मी स्वतः
डुमसला घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिलेला माणूस.
पण खताच्या कारखान्यात चौतीस वर्षं
अमोनियाचे व्हॉल्व्ह खोलले, लावले,
आणि व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह.

आधी वर्तमानपत्र, वर पांढरं फडकं,
कारण छापील अक्षरांत काळी रिंग हरवते.
पितळेवरची हिरवी बुरशी व्हिनेगरमध्ये सुटते,
दिवसभर घरात लोणचं फसल्याचा वास.
रिंग काढायची ती लाकडी काडीनं, सुईनं नाही.
सुईचा ओरखडा माझ्या चष्म्याला दिसत नाही,
तीस मीटर खाली तो हवेला दिसतो.

सुटे भाग कंपनी आपल्याला विकत नाही,
फक्त शिक्केवाल्या दुकानाला.
शलाका कुठून मिळवते, मी विचारत नाही.
वास्कोच्या दुकानात तिनं एकदाच दिला होता:
पाच हजार दोनशे रुपये, सहा आठवडे,
आणि परत आला तेव्हा डायफ्रामच्या खाली
एक केस. लांब, तपकिरी, कुणाचातरी.
पुरावा म्हणून मी तो पाकिटात ठेवला.
कुमुदला समजावताना जरा अवघड गेलं.

तो माणूस आठवड्याला चाळीस उघडतो.
माउथपीसवर कुणाचे दात, त्याला काय माहीत.
मला माहीत आहे. ती डावीकडे जास्त चावते,
शाळेत पेन्सिली अशाच चावायची.

यंदाही जोडून झालं.
सोफ्यामागचा सिलिंडर काढला, गेज लावला,
काटा साडेनऊवर.
आत कुठे बारीक चूक असली तर काटा लगेच बोलत नाही,
रात्रभर केसाकेसानं वर चढतो.
म्हणून खुर्ची ओढून बसलो.
पहाटे दूधवाला आला तेव्हाही साडेनऊ.

मग भांडी आवरताना वाटीतल्या जुन्या रिंगा मोजल्या.
बारा.
नव्या मी अकरा बसवल्या होत्या.

पुन्हा खोललं. आकृतीत अकरा. खाचा अकरा.
वाटीत बारा.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, पंखा फडक्याचं टोक उचलत होता,
आणि माझ्या हातातल्या पान्याचं टोक
पंख्याशिवाय हलत होतं.
मला स्वतःला उतरायचं असतं
तर तसाच तोंडात धरून उतरलो असतो, खरं सांगतो.
वास्कोच्या माणसाचा हात हलत नसेल.
त्याला पेन्सिली ठाऊक नाहीत.
केस तर केस.

रावपुऱ्यातल्या कुरियरवाल्यानं खोकं हलवून पाहिलं,
‘काका, आमां शुं छे?’
‘नळाचं सामान,’ मी म्हणालो.
त्यानं तसंच लिहिलं.

बारावी रिंग चष्म्याच्या डबीत राहिली.
पावतीवर शिक्का आला, शलाका नेत्राणीला गेली,
वर आल्यावर फोन केला, काय काय दिसलं ते सांगितलं,
मला त्यातलं फक्त ‘वर आले’ ऐकू आलं.

कुमुद महिनाभर म्हणत होती, पाण्याचा फिल्टर गळतोय.
मी महिनाभर म्हणत होतो, बघतो.
जुलैत एका रविवारी बघितलं:
तोटीच्या मागे खाच, खाचेत काहीच नाही.
‘अहो, मी धुवायला काढली होती ना ती रिंग,’ ती म्हणाली,
‘तुमच्याच त्या वाटीत टाकली. तुम्ही काळजी घेता म्हणून.’

शलाकाला सांगितलं. ती आधी हसली,
मग म्हणाली, ‘म्हणजे तुमचं बरोबरच होतं, बाबा.
पुढच्या वर्षी तुम्हीच करा.’
मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

डबीतून रिंग काढली, बोटावर जरासं ग्रीस,
खाचेत बसवली, तोटी आवळली, पाणी भरलं.
थेंब थांबला.
तरी अर्धा तास मी खाली वाटी ठेवून
समोर स्टुलावर बसून होतो.